चार नंबरच्या टाकीतली हवा

शहराची घाण जिथं जाऊन पडते, तिथं तिनं बत्तीस वर्षं नोकरी केली. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा म्हणजे पंपघराच्या मागं काढलेली एक लांबट खोली. दोन ओटे, काचेच्या पेटीतला तराजू, गाळ वाळवायची भट्टी, आणि इतक्या वेळा रंग लावलेली खिडकी की ती आता भिंतीचाच भाग झाली होती. सकाळी हातात तारेची टोपली घेऊन ती टाक्यांवरून फिरायची, नमुन्याच्या बाटल्या भरायची, म्हणून सगळे तिला बाटलीबाई म्हणायचे. नवा माणूस रुजू झाला की त्याला या नावाचा आधी भलताच अर्थ लागायचा. दोन-चार दिवस तो तिच्यापासून जरा लांबूनच चालायचा.

नोकरीला लागली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन-तीन ठिकाणी लग्नाची बोलणीही झाली. "मुलगी काय करते?" "केमिस्ट आहे." "कुठं?" या 'कुठं'चं उत्तर ऐकलं की समोरच्यांचा चहा लवकर संपायचा. पुढं पुढं तिनंच सांगितलं, आता पुरे. मोठ्या भावाच्या घरात वरची एक खोली तिला मिळाली. जेवण खाली सगळ्यांबरोबर. त्याचं तिला काही वाटायचं नाही. कामावर तिचा जीव होता, आणि घाणीत काम करणाऱ्याला असतो तसला एक ताठाही होता. तुम्ही साखळी ओढता आणि मोकळे होता. पुढचं आम्ही बघतो.

पुढचं म्हणजे मुख्यतः गाळ. पाणी स्वच्छ होऊन नदीला जातं; मागं राहतो तो काळा, दाट गाळ. तो घुमटासारख्या बंद टाकीत भरायचा. तिला डायजेस्टर म्हणतात. आत हवेचा कण नसतो, आणि हवेशिवाय जगणारे जंतू महिनाभर गाळ खात बसतात. मग तो पिळायचा, उघड्या वाफ्यांत वाळवायचा आणि ज्याला हवा त्याला फुकट द्यायचा. शेताला, बागेला उत्तम. रोगजंतू, शिसं, पारा, सगळं बाटलीबाई स्वतः मोजायची. तिची सही झाल्याशिवाय एक गाडी फाटकाबाहेर जात नसे.

दादाची कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा त्यानं शहराबाहेर मुरमाड जमिनीचा एक तुकडा घेतला. कुणीच घेत नव्हतं, म्हणून त्याला मिळाला. पहिल्या वर्षी कोबी लिंबाएवढा झाला. तेव्हा तीच म्हणाली होती, "दादा, आमचा गाळ टाक. माझ्या हातची तपासणी आहे. डोळे झाकून टाक."

दादानं डोळे झाकून टाकला. पंधरा वर्षं टाकला. मुरुमाची काळी माती झाली, मळ्यावर माणसं कामाला लागली, भाजी बाजारात न्यायला टेम्पो आला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एक मुलगीही झाली. वहिनी चारचौघांत सांगायच्या, "आमचं सगळं वन्संमुळे उभं राहिलंय." बाटलीबाई मान खाली घालून हसायची.

मग विद्यापीठातला तो प्राध्यापक आला. गबाळा माणूस, शर्टाचं एक बटण कायम भलत्याच काजात. वर्षभर तो गाळाचे नमुने घेऊन जात होता आणि जाताना न चुकता त्याच उंबऱ्याला अडखळत होता. एके दिवशी तो आकड्यांचा कागद घेऊनच आला.

"तुमच्याकडं कपडे धुवायच्या साबणांतून, कारखान्यांतल्या धुलाईतून एक रसायन येतं," तो म्हणाला. "डायजेस्टरमध्ये शिरताना ते जेवढं असतं, त्याच्या तिप्पट बाहेर पडताना सापडतंय."

"तिप्पट? मग तुमच्या यंत्राला काहीतरी झालंय," ती म्हणाली. "आमच्या टाकीत वस्तू कमी होते. वाढत नाही."

"मलाही आधी तसंच वाटलं. तीनदा केलं." त्यानं कागद उलटा करून मागं एक शेपूटवाला किडा काढला. "हा मोठा रेणू. तुमचे जंतू याचं शेपूट खातात आणि थांबतात. हवा नाही, म्हणून पुढं खाता येत नाही. उरलेलं हे डोकं, तेच मला तिप्पट सापडतंय, गाळाला चिकटून राहतं. आणि हे डोकं अंगात गेलं की शरीराला वाटतं, बाईच्या शरीरातलं संप्रेरक आलं."

"हार्मोन?"

"हार्मोनचं सोंग. काही नद्यांत, असं पाणी सोडतात त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या नर माशांच्या पोटात अंडी धरलेली सापडलीत."

"आणि माणसांत?"

"ते अजून कुणी नक्की सांगू शकत नाही. किती पोचतं, किती पुरे होतं, भांडणं चालू आहेत."

नोकरीच्या बत्तीसातली तीस वर्षं तेव्हा झाली होती. या काळात तिनं त्याच टाकीच्या गाळावर किती सह्या केल्या असतील, याचा हिशेब लावायला ती मनातल्या मनात बसली आणि मध्येच उठली. तिनं एकच विचारलं, "हवा दिली तर खातील?"

"खातील. प्रयोगशाळेत खातात. तुमच्याएवढ्या टाकीत कुणी करून बघितलंय का, मला माहीत नाही."

चार नंबरची टाकी दहा वर्षं रिकामी होती. आत गवत वाढलं होतं. बाटलीबाई साहेबांकडं गेली. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता; फक्त कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो उलटा करून मागं काही लिहिलंय का बघायचा. त्यांनी अर्ज दोनदा उलटा केला. "प्रयोग म्हणून करा," ते म्हणाले. "पण प्रयोग म्हणूनच. आणि नवं काही मागू नका."

नवं काही मागायला नको म्हणून फिटर कामाला आला. तिच्याच वयाचा, सेवानिवृत्तीला टेकलेला, आणि शिवी दिल्याशिवाय त्याच्या हातून साधा नटही फिरत नसे. भंगारातला हवा फुंकायचा ब्लोअर त्यानं पंधरा दिवसांत उभा केला. टाकीच्या तळाला भोकं पाडलेले नळ टाकले. डायजेस्टरमधला गाळ आत सोडला, बटण दाबलं, आणि टाकी घरघरायला लागली.

चौथ्या दिवशी फेस आला. तपकिरी, चिकट फेस भिंतीवरून उतू जाऊन पायवाटेवर आला आणि सकाळी फिटर त्यात गुडघ्यापर्यंत उतरला. त्या दिवशी त्यानं गाळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग नळांची भोकं बुजली. मग गाळ आंबट झाला. तिनं चुन्याची पोती टाकून तो ताळ्यावर आणला. "बाई, आपल्या घरी कुणी आपली एवढी काळजी घेत नाही, जेवढी आपण या घाणीची घेतोय," फिटर म्हणाला. ती म्हणाली, "बोलू नकोस. पाना धर."

बारा दिवसांनी रसायन अर्ध्यावर आलं. एकवीस दिवसांनी चौथा हिस्सा उरलं. प्राध्यापकानं फोनवर आकडा सांगितला तेव्हा तिनं तो पुन्हा सांगायला लावला आणि वहीत उतरवला. नशिबानं एकदा जमतं, म्हणून तिनं पुन्हा टाकी भरली. तिसऱ्यांदाही भरली. गर्भनिरोधक गोळ्यांतून येणारं एक संप्रेरक हवेनं जवळजवळ नाहीसंच झालं. गाद्या-पडद्यांना आग लागू नये म्हणून लावतात ते रसायन मात्र जागचं हललं नाही. तेही तिनं वहीत नीट लिहून ठेवलं.

या काळात तिनं एक गोष्ट केली, आणि ती कुणाला सांगितली नाही. चार नंबरचा गाळ वेगळ्या वाफ्यात वाळायचा. दादाची गाडी आली की ती त्याच वाफ्यातून भरून द्यायची. बाकीच्यांच्या गाड्या नेहमीच्या ढिगातून भरायच्या. दोन्हींच्या कागदावर सही तिचीच असायची. अजून नक्की काही सिद्ध झालेलं नाही, असं ती स्वतःला बजावायची. नक्की झाल्यावर सगळ्यांनाच सांगू.

त्यातच एक दिवस वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "वन्सं, आपल्या पोरीला सुरू झालं."

"काय?"

"पाळी. आठ वर्षांची आहे हो. खेळता खेळता आली आणि म्हणाली, आई, मला लागलंय वाटतं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हल्ली होतं असं कधीकधी, कारणं पुष्कळ असतात. वहिनी ओट्याशी पाठ करून रडत होत्या. बाटलीबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, आणि "ॲसिडिटी झालीय" एवढं सांगून ती वर गेली.

अकरा महिन्यांनी अहवाल तयार झाला. साहेबांनी तो एका मोठ्या परिषदेत वाचला. त्यांचा फोटो छापून आला, पाठीवर थाप पडली, एक ढाल मिळाली. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत 'प्रयोगशाळा व दुरुस्ती विभागाचे सहकार्य लाभले' असं होतं. फिटरनं ते दोनदा वाचलं. "यात मी दुरुस्ती की विभाग?" त्यानं विचारलं. बाटलीबाईला नावाचं फारसं दुःख नव्हतं. आता सगळ्या गाळाला हवा मिळेल, या आनंदात ती होती.

पुढच्याच आठवड्यात ती कामावर आली तर टाकीची घरघर बंद होती.

ती धावतच साहेबांच्या खोलीत गेली. "ब्लोअर बिघडलाय का?"

"बंद केलाय," साहेब म्हणाले. "प्रयोग संपला ना?"

"साहेब, पण उपयोग झालाय! तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

"झालाय, म्हणूनच तर बक्षीस मिळालं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, या रसायनाला आपल्याकडं मर्यादाच ठरलेली नाही. जे मोजायला कुणी सांगितलं नाही, ते काढायला एवढी वीज कशी लावू? वरून विचारतील, पैसा हवेत का फुंकता म्हणून."

"हवाच तर फुंकतोय," ती म्हणाली. साहेबांना हसू आलं. तिला आलं नाही. लेखी अर्ज केला तर लेखी उत्तर आलं: सदर रसायनाबाबत कोणतीही मर्यादा विहित नसल्याने कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही.

चार नंबरचा वाफा पंधरा दिवसांत संपला. दादाची गाडी पुन्हा यायची होती. आता गप्प बसायला जागा उरली नव्हती.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पोर बाहेर खेळायला गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. शेपूट, डोकं, मासे, हवा. दादा दात कोरत ऐकत होता. त्याचा हात मध्येच थांबला.

"म्हणजे पंधरा वर्षं तू मला विष दिलंस?"

"विष नाही, दादा. माहीतच नव्हतं. कुणीच मोजत नव्हतं."

"कधी कळलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "वर्ष झालं," ती म्हणाली.

"वर्षभर माझ्या गाड्या भरत होतीस?"

"तुझ्या गाडीत मी चांगला गाळ भरत होते. हवा दिलेला."

दादानं दातकोरणी खाली ठेवली. "आणि बाकीच्यांच्या?"

"नेहमीचाच."

वहिनी इतका वेळ ताटं गोळा करत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली. "वन्सं," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगा. माझ्या पोरीचं त्यानंच झालं?"

"माहीत नाही, वहिनी."

"तुम्ही शिकलेल्या आहात. मोजता. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

"मला खरंच माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. असेल, नसेलही. आठ-नऊ वर्षांच्या पुष्कळ मुलींना होतं, ज्यांनी मळा बघितलेलासुद्धा नाही."

वहिनींनी ताटं उचलली आणि आत गेल्या. ती नाही म्हणाली असती तर त्यांना झोप लागली असती. हो म्हणाली असती तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तिच्या 'माहीत नाही'चं त्यांनी काय करायचं? त्या दिवसापासून त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढून जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायच्या. महिन्याभरानं बाटलीबाईनं प्रयोगशाळेजवळच एक खोली भाड्यानं घेतली. सामान फार नव्हतं. फिटरच्या हातगाडीवर एका खेपेत मावलं. पोर दारात उभी होती. "आत्या, परत कधी येणार?" तिनं विचारलं. आतून वहिनींनी हाक मारली आणि पोर आत गेली.

दादानं गाळ बंद केला असेल, असं तिला वाटलं होतं. पण पुढच्या महिन्यात फाटकाच्या वहीत त्याच्या गाडीची नोंद दिसली. ती मळ्यावर गेली. कोबी भरून चालला होता.

"दादा, हे काय?"

"माती भुकेली आहे. दुसरं खत घालून हा मळा चालत नाही," तो म्हणाला. "घरात मी मळ्यातलं पानसुद्धा नेत नाही. बाजारातून आणतो."

"आणि हे बाजारात विकतोस?"

कामाची माणसं ऐकत होती. दादानं तिला दंड धरून बांधापर्यंत नेलं. "मला शिकवू नकोस," तो दात आवळून म्हणाला. "वर्षभर स्वतःच्या माणसांना चांगलं आणि परक्यांना वाईट, हे कुणी केलं? तू. मी तेच करतोय. माझ्याकडं बघून नाक मुरडायचा तुला हक्क नाही."

तिला हक्क नव्हता. घरी परत येताना तिला हे वाक्य कुठंही खोडता आलं नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं. वहीतून तिनं गाळ नेणाऱ्या सगळ्यांची ठिकाणं उतरवून घेतली आणि सुटीच्या दिवशी एकेकाकडं जायला लागली. रोपवाटिका, फुलांचे मळे, खेळाच्या मैदानाचा माळी. मीच सही करत होते, असं ती आधी सांगायची आणि मग बाकीचं. कुणी पाणी विचारलं. कुणी विचारलं, "मग त्याऐवजी फुकट काय देता?" फुलवाल्यानं मोठ्यानं हसून सांगितलं, "बाई, फुलं कोण खातंय?" त्याचं तसं बरोबरच होतं. अडतीस जणांपैकी दोघांनी गाळ बंद केला. एकानं साहेबांकडं तक्रार केली.

साहेबांनी तिला बोलावलं. या वेळी कागद त्यांच्या हातात तयार होता, आणि सही झालेली होती. नमुने घेण्याचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं. उरलेले पाच महिने ती त्या लांबट खोलीत बाटल्या धूत बसली. निरोपाच्या दिवशी चहा झाला, भाषण झालं नाही. फिटर आदल्या महिन्यातच नोकरीतून सुटला होता. तो मुद्दाम आला, साहेबांसमोर एक ठेवणीतली शिवी हासडली, दोन कप चहा प्यायला आणि तिला खोलीपर्यंत सोडून गेला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ती सकाळची बाजारात गेली होती. भाजीच्या रांगेत पुढं वहिनी उभ्या दिसल्या. थकल्यासारख्या वाटत होत्या. त्या कोबी निवडत होत्या. एकेक गड्डा उचलून, दाबून, वास घेऊन बघत होत्या. दुकानदाराच्या मागं निळ्या प्लास्टिकच्या पेट्यांची चळत होती आणि पेट्यांवर लाल रंगात दादाच्या टेम्पोचा नंबर होता. वहिनी कधी मळ्यावर जात नसत. त्यांना ते दिसूनही कळलं नसतं.

बाटलीबाई क्षणभर थांबली. मागं वळून निघून जाता आलं असतं. मग ती पुढं झाली.

"वहिनी," ती म्हणाली, "हा नको. हा आपलाच आहे."

वहिनींनी वळून बघितलं. आधी तिच्याकडं, मग ती दाखवत होती त्या पेट्यांकडं. हातातला गड्डा त्यांनी सावकाश परत ठेवला. पिशवी तशीच रिकामी घेऊन त्या गर्दीतून निघून गेल्या. दुसऱ्या दुकानाकडं गेल्या नाहीत, घराच्या दिशेनंही गेल्या नाहीत. बाजार संपतो तिथं भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ बाई!" दुकानदार ओरडला. "तुम्हाला घ्यायचं नसेल तर घेऊ नका. माझं गिऱ्हाईक कशाला पळवता?"

रांगेतल्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. मागच्या बाईनं तिला जरा बाजूला सरकवलं, हात लांब केला आणि वहिनींनी ठेवलेलाच गड्डा उचलला. चांगला होता. घट्ट, जड, एकही पान किडलेलं नाही.

"ताई, ऐका," बाटलीबाई तिला म्हणाली, "मी तुम्हाला काही सांगू का?"

"नंतर सांगा हो," ती बाई म्हणाली, आणि पैसे द्यायला पुढं झाली.